सोबतीचा व्हिसा, भाग 6 : पाहुणीचं दुसरं वर्ष

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना पासपोर्टातला फ्रेंच व्हिसा दाखवला, तेव्हा चष्मा वर सरकवत त्यांनी विचारलं, "हे व्हिझितर म्हणजे काय गं?"

"पाहुणी," मी म्हटलं.

"पाहुणी कशी? भांडी तर तूच घासतेस ना तिथे?"

सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता. पण फ्रेंच सरकारच्या लेखी मी पाहुणीच, आणि पाहुण्याने वर्षाच्या शेवटी पुन्हा विचारायचं असतं की अजून थोडं राहू का. आजचा भाग त्या विचारण्याबद्दल.

गेल्या आठवड्यात आपण व्हिसा वैध करून घेतला. फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत सरकारी साइटवर जाऊन आल्याची तारीख आणि पत्ता टाकायचा, कर भरायचा (माझ्या वेळी 200 युरो), की पासपोर्टातलं ते स्टिकरच वर्षभराचं निवासपत्र होतं. इथवर आलं की बऱ्याचजणी निश्चिंत होतात आणि पुढचे सात-आठ महिने कागदांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मीही त्यातलीच. (सोबत म्हणून आलेले नवरेही असतात, नियम त्यांनाही हेच.)

मुळात नोकरदाराची बायको 'पाहुणी' का होते, ते आधी सांगते. नवऱ्याला कंपनीने कोणत्या प्रकारच्या कार्डावर आणलं आहे, त्यावर सगळं ठरतं. त्याचं कार्ड 'तालाँ' म्हणजे विशेष कौशल्याच्या वर्गातलं असेल, तर बायकोला त्याच वर्गातलं कुटुंबाचं कार्ड मिळतं आणि त्यावर नोकरीही करता येते. त्याचं कार्ड साधं 'सालारिए' म्हणजे पगारदाराचं असेल, तर कुटुंब बोलावण्याचा रीतसर मार्ग त्याने फ्रान्समध्ये 18 महिने काढल्यावरच खुला होतो. तोवर थांबायचं नसेल तर व्हिझितर. ही वर्गवारी मुळात स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या निवृत्तांसारख्यांसाठी सोयीची. आपण तिच्यात अंग चोरून बसतो. नवऱ्याच्या हातात अजून नुसतं ऑफर लेटर असेल, तर पगाराच्या आकड्याआधी त्याला कार्डाचा वर्ग विचारायला लावा. आमच्याकडे हे कुणी विचारलं नाही. घराचं भाडं कोण देणार, विमानाची तिकिटं कोण काढणार, हे मात्र तीनदा विचारून झालं होतं.

व्हिझितर कार्डासाठी कायदा तीन गोष्टी मागतो. निदान फ्रान्सच्या किमान वेतनाइतकं, ज्याला इथे सगळे 'स्मिक' म्हणतात तेवढं, वर्षाचं निर्वाहाचं साधन, मुक्कामभराचा आरोग्यविमा, आणि फ्रान्समध्ये कोणताही व्यवसाय करणार नाही अशी हमी. मी अर्ज केला त्या 2023 साली स्मिक हातात पडणारं महिन्याला सुमारे 1,380 युरो होतं. कार्ड मिळतं ते एकाच वर्षाचं. इतर काही वर्गांना पहिल्या वर्षानंतर अनेक वर्षांचं कार्ड मिळतं, व्हिझितरला नाही. म्हणजे ही कसरत दरवर्षीची, एकदा नीट बसवली तर पुढे सोपी.

आता तारखा. अर्ज मुदत संपण्याआधीच्या 120 व्या आणि 60 व्या दिवसाच्या मधे करायचा असतो. माझा व्हिसा 10 ऑक्टोबरला संपत होता. म्हणजे 12 जून ते 11 ऑगस्ट. कागदावर दोन महिने दिसतात, पण त्यातला ऑगस्ट धरूच नका. ऑगस्टात फ्रान्स समुद्रकिनाऱ्यावर असतो. नवऱ्याच्या कंपनीतली एचआरवाली, अनुवादक, कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा. 'सप्टेंबरमध्ये परत येईन' अशी पाटी लावून माणसं निर्धास्त जातात. मुदत चुकवून अर्ज केला तर नेहमीच्या शुल्कावर भुर्दंड बसतो (माझ्या वेळी 180 युरो). म्हणून जूनमध्येच उरकायचं, आणि जूनमध्ये उरकायचं तर कागद मार्चपासून जमवायचे.

अर्ज ऑनलाइनच असतो, ज्या साइटवर व्हिसा वैध केला तिथेच. फोटो मात्र मोबाइलवर काढलेला चालत नाही. स्टेशनात किंवा सुपरमार्केटात फोटोचं मशीन असतं, त्यात बसून फोटो काढायचा आणि तिथेच सही करायची. मशीन एक कोड छापून देतं, तो अर्जात टाकला की फोटो आणि सही आपोआप तिकडे जातात. हसायचं नाही, दात दिसू द्यायचे नाहीत. टिकलीबद्दल मशीन काही बोललं नाही.

खरी पंचाईत पत्त्याच्या पुराव्याची. आपण घरात राहतो हे आपल्या नावाच्या बिलाने सिद्ध करायचं, आणि बहुतेक घरांत विजेचं बिल नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर येतं, कारण तो दोन महिने आधी आलेला असतो. गंमत अशी की फ्रेंच दिवाणी संहितेचं कलम 1751 सांगतं, नवरा-बायको ज्या भाड्याच्या घरात राहतात त्याचा करार दोघांचाही समजावा, मग लग्नाआधी एकट्याने सही केलेली असली तरी. कायद्याने मी भाडेकरू होते. पण अर्ज तपासणाऱ्याला कलम नको असतं, कागद हवा असतो. तेव्हा नवऱ्याने एक पत्र लिहून द्यायचं की मी या व्यक्तीला माझ्या घरी आसरा देतो आहे, सोबत त्याचं ओळखपत्र आणि बिल.

ते पत्र त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. मी पोळ्या लाटत होते. "मी खाली सही करणारा," त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "प्रतिज्ञेवर सांगतो की सदर महिला माझ्या घरी राहते. किती तारखेपासून लिहू गं?" मी लाटणं हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तारीख घातली आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं.

त्याच आठवड्यात आम्ही वीज कंपनीला फोन करून बिलावर माझं नाव दुसरं म्हणून चढवून घेतलं. दहा मिनिटांचं काम. फ्रान्समध्ये उतरल्या महिन्यातच हे करा. बँकेचं खातंही दोघांच्या नावाने उघडा. आयकराचं विवरण वसंतात भरलं जातं आणि नवरा-बायकोचं एकच असतं, त्यात आपलं नाव येतं का ते पाहा. पहिल्या वर्षी उत्पन्न शून्य असलं तरी आपण त्या कागदावर असतो, आणि सरकारी शिक्क्याने 'हे एक कुटुंब आहे' असं सांगणारा त्याच्याइतका वजनदार कागद दुसरा नाही. फक्त कराची ती नोटीस हातात पडायला जुलैअखेर उजाडते. जूनमध्ये अर्ज करणारीने नवऱ्याचा नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती आणि 'हिचा खर्च मी करतो' असं त्याचं पत्र जोडावं.

विम्याचं थोडक्यात : पहिल्या वर्षी भारतातून आणलेली किंवा इथे घेतलेली खासगी पॉलिसी असते. तीन महिने स्थिर वास्तव्य झाल्यावर सरकारी आरोग्यविम्यासाठी अर्ज करता येतो. तो लवकर करा, उत्तर यायला वेळ लागतो. नूतनीकरणापर्यंत हक्काचं प्रमाणपत्र आलं नसेल तर खासगी पॉलिसी वाढवून घ्या.

आणि आता नाव. मराठी बाईच्या नावाइतकं फ्रेंच फॉर्मला छळणारं दुसरं काही नसेल. फ्रान्समध्ये 1794 पासून, म्हणजे क्रांतीच्या धामधुमीतल्या एका कायद्यापासून, माणसाचं नाव म्हणजे जन्मदाखल्यावरचं नाव. लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव वापरू शकते, पण ते फक्त वापराचं. जन्माचं आडनाव शेवटपर्यंत तेच. आपल्याकडे पासपोर्टावर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. पदवीच्या कागदावर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं. फॉर्मवर एक चौकट जन्माच्या आडनावाची, एक वापराच्या आडनावाची, एक नावांची. मधल्या नावाला चौकटच नाही. पासपोर्टात 'दिलेलं नाव' या ओळीत नवऱ्याचं नावही छापलेलं असतं, म्हणून इथे दवाखान्यात मला माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव जोडून हाक मारतात. मी आता मुकाट्याने उठते.

यातूनच माझी चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझीच. लग्नाचा दाखला मी पुण्याहून निघतानाच अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून, आणला होता. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी असतो, त्यामुळे इंग्रजीवरून फ्रेंच करणारा शपथबद्ध अनुवादक पुरतो. असे अनुवादक इथल्या अपील न्यायालयाच्या यादीत सापडतात. भारतातल्या एजन्सीने करून दिलेला अनुवाद चालेल असं धरून चालू नका. जन्मदाखला मात्र मी घरातल्या फायलीतला उचलला, जुना, घडी पडलेला. त्यात आई-वडिलांची नावं होती, तारीख होती, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. आमच्या पिढीत कितीतरी जणांचं असं आहे : नोंद दवाखान्यातून गेली, बारसं नंतर झालं, नाव घालायला कुणी गेलंच नाही. मी तो तसाच स्कॅन करून चढवला. जुलैत साइटवर निरोप आला, 'पूरक कागद द्या', आणि खाली मुदत. त्या दाखल्यावरून जन्मलेली ती मुलगी मीच, हे सिद्ध होत नव्हतं.

मग वडील नगरपालिकेत. शाळा सोडल्याचा दाखला, माझ्या पासपोर्टाची प्रत, एक प्रतिज्ञापत्र. "चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही," ते फोनवर म्हणाले, "आता फ्रान्सवाल्यांनी बारसं करायला लावलं." नाव चढलेला नवा दाखला, त्यावर अपोस्टिल, मग कुरियर, मग अनुवाद, आणि अनुवादक अर्थातच सुटीवर निघालेली. तिने गाडीत बॅगा भरण्याआधी तो करून दिला, हे तिचे उपकार. तुमच्या दाखल्यावर नावाची जागा आजच उघडून पाहा. भारतात असतानाच.

हमीच्या कागदाबद्दल बरेच वाचक विचारतात : फ्रान्समध्ये नोकरी करणार नाही, पण लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं काम केलं तर? पगार रुपयात, भारतातल्या खात्यात. कायद्याचे शब्द 'फ्रान्समध्ये कोणताही व्यवसाय नाही' असे आहेत, आणि लॅपटॉप फ्रान्समध्येच उघडलेला असतो. चालतं म्हणणारे भेटतील. मी स्वतः ती सही करून मग लपवाछपवी करायला तयार नव्हते, म्हणून राजीनामा दिला, आणि त्याचं दुःख अजून आहे. कामच करायचं असेल तर सरळ रस्ता म्हणजे कार्डाचा वर्ग बदलून घेणं, त्यासाठी इथला मालक हवा आणि त्याने कामाचा परवाना मागायला हवा. त्यावर वेगळा भाग होईल.

अर्ज केल्यावर तीन वेगवेगळे कागद येऊ शकतात, त्यांची गल्लत करू नका. लगेच येते ती नुसती पोच. अर्ज मिळाला, एवढंच ती सांगते, त्यावर राहण्याचा हक्क मिळत नाही. जुना व्हिसा संपत आला आणि निर्णय झाला नसेल, तर खात्यात 'तपासणी चालू आहे' असं मुदतवाढीचं प्रमाणपत्र येतं. ते संपलेल्या व्हिसासोबत ठेवलं की राहणं कायदेशीर. तिसरा कागद अनुकूल निर्णयाचा. मला मुदतवाढीचं प्रमाणपत्र 6 ऑक्टोबरला आलं, म्हणजे चार दिवस आधी. तोवर मी दिवसातून सहा वेळा साइट उघडत होते.

त्या वर्षी गणपती 19 सप्टेंबरला होते. जावं की नाही? व्हिसा 10 ऑक्टोबरपर्यंत जिवंत होता, म्हणून गेले, आणि 2 ऑक्टोबरचं परतीचं तिकीट काढलं. घरच्यांनी आग्रह केला, दिवाळी करूनच जा. मुदतवाढीच्या प्रमाणपत्रावर परत येता येतं हे खरं, पण विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलाला मध्यरात्री दोन वाजता फ्रेंच पीडीएफ समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. छापील व्हिसा संपायच्या आत परतणं सोपं.

शुल्क तेव्हा 225 युरो होतं. हे आकडे बदलत असतात, भरण्याआधी सरकारी साइटवर पाहावेत. 2024 च्या जुलैपासून प्रजासत्ताकाची तत्त्वं पाळण्याच्या करारावरही सही करावी लागते, तो कागद माझ्या वेळी नव्हता. शुल्क रोख भरायचं नसतं, त्याचं तिकीट म्हणजे 'तांब्र' घ्यायचं, ऑनलाइन किंवा 'ताबा'त, म्हणजे लाल चौकटीची पाटी लावलेल्या तंबाखूच्या दुकानात. मी दुकानात गेले. पुढे एक आजोबा लॉटरीचं तिकीट खरवडत उभे, मागे कामगार सिगारेटसाठी. दुकानदाराने पावतीसारखा कागद छापून दिला, त्यावर लांबलचक आकडा. आजोबांनी माझ्या कागदाकडे बघून विचारलं, "लागली का?"

कार्ड डिसेंबरात हाती आलं. बोटांचे ठसे जुळवले, जुना कागद परत घेतला, खिडकीपलीकडच्या बाईने कार्ड सरकवलं. गुलाबीसर प्लॅस्टिक, फोटोत मी चिडलेली, खाली तोच शब्द : व्हिझितर. 10 ऑक्टोबर 2024 पर्यंत. म्हणजे वर्षाच्या कार्डातले दोन महिने वाट बघण्यातच गेले होते.

पुण्याहून कुणीतरी नव्या वर्षाचं कालनिर्णय आणलं होतं. ते स्वयंपाकघरात अडकवताना मी पानं पुढे उलटली आणि जूनमध्ये 12 तारखेला, बुधवारी, पेनाने गोल काढला. पुढच्याच रकान्यात 21 ला वटपौर्णिमा होती. नवऱ्याने मागून डोकावून विचारलं, "हे काय आहे 12 ला?"

"तू पत्र लिहायचंयस," मी म्हटलं. "सदर महिला अजून इथेच आहे म्हणून."