ज्येष्ठ नागरिकाचा अपघाती मृत्यू आणि न्याय्य नुकसानभरपाई

रस्ते अपघातात घरातील वृद्ध व्यक्ती दगावली, तर कुटुंबाचे आर्थिक नुकसान ते काय झाले, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. नुकसानभरपाई ही केवळ कमावत्या तरुणाच्या मृत्यूबद्दलच मिळते, या समजुतीने अनेक कुटुंबे दावाच दाखल करीत नाहीत. ही समजूत कायद्याला धरून नाही. वयामुळे भरपाईची रक्कम कमी होते. हक्क मात्र नाहीसा होत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६५ अन्वये राज्य शासने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करतात. कलम १६६ खाली मृताच्या कायदेशीर प्रतिनिधींना दावा करता येतो. अपघाताचे ठिकाण, दावेदाराचे निवासस्थान अथवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे तो दाखल करता येतो. चालकाला फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही. कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल अशी भरपाई ठरवावयाची असते.

कायदेशीर प्रतिनिधी म्हणजे केवळ अवलंबित व्यक्ती नव्हे. विवाहित व कमावत्या सज्ञान पुत्रांनाही दावा करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बिरेंदर (२०२०) या खटल्यात स्पष्ट केले. वृद्धांच्या बाबतीत मुले बहुधा स्वतंत्रपणे कमावती असल्याने या निर्णयाला विशेष महत्त्व आहे.

रकमेची गणना

सरला वर्मा (२००९) खटल्यात न्यायालयाने वयानुसार गुणक निश्चित केले. ३१ ते ३५ वयोगटासाठी हा गुणक १६, ६१ ते ६५ साठी ७, तर ६६ ते ७० साठी ५ आहे. प्रणय सेठी (२०१७) खटल्यातील घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवून दिली. परंतु तिची मर्यादा वयाच्या ६० वर्षांपर्यंतच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दरमहा १२,००० रुपये मिळविणारा ६४ वर्षांचा भाजीविक्रेता अपघातात मरण पावला आणि त्याच्यामागे पत्नी व अपंग मुलगा हे दोघे अवलंबित आहेत. वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. स्वतःच्या खर्चापोटी एक-तृतीयांश वजा जाता ९६,००० रुपये उरतात. त्यास ७ ने गुणल्यास ६,७२,००० रुपये होतात. तोच विक्रेता ३४ वर्षांचा असता, तर भावी वाढीचे ४० टक्के धरून ही रक्कम २१,५०,४०० रुपये झाली असती.

याखेरीज मालमत्तेची हानी व अंत्यविधी यांसाठी प्रत्येकी १५,००० आणि सहवासाच्या हानीबद्दल ४०,००० रुपये घटनापीठाने २०१७ मध्ये ठरविले व दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ सांगितली. मॅग्मा (२०१८) निर्णयानुसार सहवासाची हानी पती-पत्नीपुरती सीमित नसून मातापित्यांचे छत्र हरपलेल्या मुलांनाही लागू होते. मृताच्या निवृत्तिवेतनाची गणना उत्पन्नात होते. विम्याची रक्कम मात्र भरपाईतून वजा केली जात नाही. हे तत्त्व हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ (१९९८) या खटल्यात मांडले गेले.

श्रमाचे मोल

घरकाम व नातवंडांचा सांभाळ करणाऱ्या आजीचे उत्पन्न कागदोपत्री शून्य असते. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निकांडासंबंधीच्या लता वाधवा (२००१) खटल्यात ६२ ते ७२ वयोगटातील स्त्रियांच्या सेवांचे मूल्य वार्षिक १०,००० रुपये धरण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरे ठरवून २०,००० रुपये केले. हा खटला मोटार अपघाताचा नव्हता. तथापि गृहिणींच्या श्रमाचे मूल्यमापन करताना त्याचा आधार पुढे अपघात दाव्यांतही घेतला गेला.

२०१९ ची दुरुस्ती

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळू शकतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास कलम १६१ खाली २ लाख रुपये देय आहेत. अत्यल्प उत्पन्न असलेल्या वृद्धाच्या बाबतीत गुणकाने येणारी रक्कम ५ लाखांहून कमी भरू शकते. तेथे कलम १६४ अधिक लाभदायक ठरते. मात्र ही रक्कम विहित पद्धतीने स्वीकारल्यास कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. म्हणून निवड विचारपूर्वक करावी लागते. याच दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही घातली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

सारांश, गुणकाची पद्धत निर्णयांत एकसूत्रता आणते. परंतु ती मुख्यत्वे गमावलेले उत्पन्न मोजते. सेवा व सहवास यांना न्यायालयांनी दिलेली मान्यता ही या पद्धतीला मिळालेली आवश्यक जोड होय. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशात ‘न्याय्य’ या शब्दाची कसोटी याच दाव्यांमध्ये लागणार आहे.