लांबलेल्या रात्रीतला खुराक

मार्च १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात बर्फात रुतलं आणि पुढचं वर्षभर तिथून निघू शकलं नाही. त्या टापूतला हिवाळा माणसांनी पहिल्यांदाच अनुभवला तो याच जहाजावर. मेच्या मध्यावर मावळलेला सूर्य जुलैच्या उत्तरार्धापर्यंत उगवला नाही. जहाजावरची दीड डझन माणसं हळूहळू ढासळू लागली. पाय सुजले, नाडीचा भरवसा राहिला नाही, झोप उडाली, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं आटलं. एक-दोघांच्या मनाचा तोल गेला. एमिल डान्को हा तरुण अधिकारी जूनमध्ये गेला.

जहाजावरचा डॉक्टर होता फ्रेडरिक कुक. त्याच्या पेटीत या आजारावर औषध नव्हतं, म्हणून त्याने तीन साधे उपाय काढले. पहिला, डबाबंद अन्न कमी करून पेंग्विन आणि सीलचं ताजं, अर्धकच्चं मांस खायचं. ते इतकं बेचव होतं की मोहिमेचा प्रमुख आद्रियाँ द जेर्लाश आधी त्याला शिवायलाही तयार नव्हता. दुसरा, रोज जहाजाभोवती बर्फावर फेऱ्या मारायच्या. खलाशांनी याचं नाव वेड्यांच्या इस्पितळातली फेरी असं पाडलं होतं. तिसरा उपाय सगळ्यात विचित्र. अगदी खंगलेल्या माणसाचे कपडे उतरवून कुक त्याला पेटत्या शेगडीसमोर तासभर बसवायचा. सूर्य नाही, तर निदान आगीचा उजेड अंगावर पडू दे, हा त्यामागचा विचार.

माणसं सावरली. मांसाचं श्रेय निर्विवाद आहे. तो आजार ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही होता, आणि ताज्या मांसात थोडं का होईना ते असतं, हे विज्ञानाला पुढे काही दशकांनी कळलं. शेगडीचं काय? आपल्या डोळ्यांत, दिसण्याशी फारसा संबंध नसलेल्या काही पेशी असतात. त्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त जाग येते ती निळसर उजेडाने. शेगडीच्या तांबड्या-पिवळ्या ज्वाळेत तो जवळजवळ नसतोच. म्हणजे प्रकाशोपचार म्हणून कुकची शेगडी कुचकामी. तरीही ती उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं, कारण त्या तासात ऊब होती आणि नाडीवर कुणाचा तरी हात होता. हा कुक पुढे बदनाम झाला. उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचा त्याचा दावा शेवटी मान्य झाला नाही, तेलाच्या शेअरच्या फसवणुकीत तो तुरुंगात गेला. पण बेल्जिकावर त्याच्या हाताखाली शिकलेला आणि पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोहोचलेला रोआल्ड अमुंडसेन १९२६ मध्ये त्याला भेटायला त्या तुरुंगात गेला होता.

एकांतवास माणसाचं नेमकं काय करतो, हे पुढे काहींनी मुद्दाम अजमावून पाहिलं. फ्रान्सचा मिशेल सिफ्र हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत घड्याळाविना दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. दहा वर्षांनी तो टेक्सासमधल्या गुहेत सहा महिने राहिला, आणि यावेळी मात्र खचला. सोबत म्हणून त्याने तिथल्या एका उंदराशी मैत्री करायचं ठरवलं. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा दिवस-दिवस टिपल्या, खाणं ठेवून त्याला माणसाळवलं आणि एके दिवशी पकडण्यासाठी भांडं उपडं घातलं. भांड्याची कड लागून उंदीर मेला. त्या उंदराचं दुःख त्याला फार झालं.

जर्मनीच्या नॉयमायर-३ या अंटार्क्टिक केंद्रावर चौदा महिने काढलेल्या नऊ जणांच्या मेंदूची छायाचित्रं जाण्याआधी आणि परतल्यावर घेतली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधला ‘डेंटेट गायरस’ हा भाग सरासरी सात टक्क्यांनी आक्रसला होता. मेंदूतल्या पेशींना पोसणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाणही घटलं होतं. नऊ माणसं म्हणजे फार लहान नमुना. शिवाय तिथे एकटेपणाबरोबर नजर जाईल तिथे पांढरं बर्फच असतं, त्यामुळे दोष नेमका कशाचा, हे वेगळं काढता येत नाही.

एकटेपणाचा धागा वेगळा काढायचा प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटीत झाला. चाळीस निरोगी माणसांना एकदा दहा तास उपाशी ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास एकटं ठेवलं. फोन नाही, गप्पा नाहीत, माणसांचा वावर असलेल्या गोष्टीची पुस्तकंही नाहीत. मग मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना चित्रं दाखवली. उपाशी माणसाच्या मध्यमेंदूतला जो भाग खाण्याचं चित्र पाहून चेतला, तोच भाग एकट्या राहिलेल्या माणसात, लोक एकत्र हसतानाचं चित्र पाहून चेतला. २०२० च्या या अभ्यासाचा सोपा अर्थ असा की माणसाला माणसाची भूक लागते, आणि त्यासाठी दहा तास पुरतात.

भूक म्हटली की कशाने भागते हा प्रश्न आला. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्त्झर यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. मुली घाबरल्या, हे ओघाने आलंच. नंतर काहींना आईने जवळ घेतलं, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं. दोन्ही गटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं आणि जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. काही मुलींचा आईशी फक्त लेखी चॅट झाला. मायेचे शब्द त्यातही होते, पण ऑक्सिटोसिन वाढलं नाही आणि कॉर्टिसॉल उतरलं नाही. फॅमिली ग्रुपवर सकाळी पडणारी गुलाबाची फुलं आणि सुविचार यांचं काय होत असेल, याचा अंदाज आता ज्याने त्याने करावा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी दाखवलंय की फोन केला तर अवघडल्यासारखं होईल म्हणून लोक मजकूर पाठवणं पसंत करतात. प्रत्यक्षात बोलल्यावर फारसं अवघडलेपण येत नाही, जवळीक मात्र जास्त वाटते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला एक वृद्धाश्रम निवडला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, खोली कशी मांडायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते सांगा, आणि ही कुंडी घ्या, हिला पाणी घालणं तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही तितक्याच प्रेमाने कुंड्या दिल्या, सिनेमाही दाखवला. फक्त सांगितलं वेगळं: तुम्ही कशाची काळजी करू नका, खोली आम्ही लावू, कुंडीला पाणी नर्स घालेल. तीन आठवड्यांत पहिला मजला अधिक तरतरीत आणि आनंदी दिसू लागला. दीड वर्षानंतरही त्यांची तब्येत सरस होती. त्या काळात पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले, दुसऱ्यातले ३० टक्के. मृत्यूच्या आकड्यांमधला फरक नंतर संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा भक्कम ठरला नाही, म्हणून एका कुंडीने आयुष्य वाढतं असं म्हणू नये. तरतरीचा निष्कर्ष मात्र उरतो.

दुसऱ्या मजल्यावर जे सांगितलं गेलं, ते आपल्या घरांत रोज ऐकू येतं. ‘आई, तू बस. कशाला हात लावू नकोस.’ पुणे-नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे आई-वडील आणि परदेशातली मुलं यांचे रोजचे व्हिडिओ कॉल ऐका. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बाहेर जाऊ नका. सगळी विचारपूस, काम एकही नाही. त्याऐवजी ‘कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घेऊ? उद्या बघून सांग,’ असं विचारलं तर आईला उद्यासाठी एक काम मिळतं. वडिलांना नातवाचं गणित तपासायला द्यावं. कुंडी तर द्यावीच, पण पाणी घालायला बाईला सांगू नये.

दक्षिण कोरियात तर पिंजऱ्यातले पाच रातकिडे वृद्धांना सांभाळायला दिले. आठ आठवड्यांत त्यांच्या मनःस्थितीत थोडी सुधारणा दिसली. सिफ्रला तो उंदीर इतका का हवा होता, हे यावरून समजतं.

मनाला रोज गुंतायला काहीतरी लागतं, हे बेल्जिकानंतर अंटार्क्टिकावर गेलेल्यांनी अनुभवातून जाणलं होतं. मोहीमप्रमुख अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ हे जहाज बर्फाने चिरडलं, तेव्हा बाकी सामान फेकून द्यायला लावणाऱ्या शॅकल्टनने सहकारी लेनर्ड हसीचा बँजो मात्र बरोबर घ्यायला लावला. पुढे १९१६ मध्ये एलिफंट बेटावर बावीस माणसं चार महिन्यांहून जास्त काळ उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली राहिली. त्यांच्यातला एक जण आपल्याजवळच्या पाककृतींच्या एका स्वस्त पुस्तकातून रोज रात्री एक कृती मोठ्याने वाचायचा आणि मग बाकीचे तीत काय घालायला हवं होतं, यावर वाद घालायचे. बेटावरून सगळे बावीस जण जिवंत परतले.

आज भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन केंद्रं अंटार्क्टिकावर बारमाही चालतात, त्यांचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतो. निवड झालेल्यांना औलीला बर्फात एकत्र राहायचं प्रशिक्षण मिळतं. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये तेवीस जणांच्या तुकडीतली एकटी स्त्री म्हणून भारतीवर वर्षाहून जास्त काळ काढला. २१ जूनला, भर हिवाळ्यात, खंडावरची सगळी केंद्रं एकमेकांना शुभेच्छापत्रं पाठवतात आणि मेजवानी करतात. ही मेजवानी नेमक्या वेळी येते. अशा मुक्कामांचा अभ्यास करणाऱ्या बेक्टेल आणि बर्निंग यांनी १९९१ मध्ये मांडलं की माणसं सुरुवातीला तग धरतात, शेवटही निभावतात, खचतात ती अर्धा काळ सरल्यानंतर. सगळ्याच मोहिमांत हे दिसलेलं नाही, पण आजारपणात घरी पडलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या आठवड्यात फळांच्या पिशव्या ठेवायला जागा नसते, पाचव्यात दाराची बेल वाजत नाही.

तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दोन महिने अंथरुणाला खिळलेलं, किंवा केमोथेरपीमुळे गर्दीपासून दूर ठेवलेलं कुणी ओळखीचं असेल, तर आज फोन करा. त्यांना सकाळी अर्धा तास गॅलरीत बसवायला घरच्यांना सांगा. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो शेगडीसारखा कुचकामी नसतो. आणि सहाव्या आठवड्यातली एक तारीख त्यांच्या नावाने कालनिर्णयावर आत्ताच लिहून ठेवा.