चार पदरी साडीची गाळणी

कॉलऱ्याचा जंतू जेमतेम दोन-तीन मायक्रॉन लांब. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी केली, तरी तिची छिद्रं वीसेक मायक्रॉनची असतात. जंतूला पार जायला वाट मोकळीच! तरीही अशा साडीतून पाणी गाळलं की कॉलरा जवळजवळ निम्म्यावर येतो. हे होतं कसं?

तळ्यानद्यांच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी जीव असतात. पाणी भिंगाखाली धरलं, तर ते झटके देत पळताना दिसतात. त्यांचं कवच कायटिनचं, आणि कॉलऱ्याचे जंतू त्याला घट्ट चिकटतात. एकेका कोपेपॉडवर हजारो. एसटी अडवली की प्रवासीही अडकतात, तसंच इथे घडतं. साडी कोपेपॉडला रोखते आणि त्याच्यासोबत जंतूंची अख्खी झुंड मागे राहते. कॉलरा व्हायला पोटात पुष्कळ जंतू जावे लागतात, म्हणून एवढी घटही जीव वाचवते.

संशोधक रिटा कॉलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत पडताळलं. बायका कळशीच्या तोंडावर साडीची घडी धरत, पाणी भरत, मग कापड खळबळून उन्हात वाळत घालत. २००३ साली निष्कर्ष छापून आले: कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला होता. त्यातही नव्या साडीपेक्षा जुनी सरस! धुऊन धुऊन सूत विसविशीत होतं, तंतू फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना नारूचा रोग आठवत असेल. त्याची अळी पोटात जायची ती सायक्लॉप्समधून, आणि सायक्लॉप्स हाही कोपेपॉडच. पाणी कापडातून गाळा, हा नारू निर्मूलनाच्या मोहिमेतला एक मुख्य सल्ला होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

साडी सगळंच अडवत नाही. सुटे जंतू, विषाणू, पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक तिच्यातून खुशाल निघून जातं. उकळलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत केव्हाही चांगलं. पण जिथे चुलीला सरपण पुरत नाही, तिथे रोज कळशीभर पाणी उकळणार कोण? २००८ मध्ये त्याच गावांत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ३१ टक्के बायका अजूनही पाणी गाळत होत्या. बाकीच्या घरांतही जुनं कापड असेलच. म्हणून गाळण्याचं महत्त्व एकदा सांगून थांबायचं नाही, दर पिढीला नव्याने सांगत राहायचं.