गिअर कधी बदलायचा, हे कोण ठरवतं?

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटलं की आपल्याकडचा दहाचाकी मालट्रक डोळ्यांसमोर आणू नका. मागे उघडा हौदा असलेली पिकअप तिथे ट्रक म्हणूनच ओळखली जाते. १९७३ ते १९८७ या काळातल्या शेव्हर्लेच्या चौकोनी चेहऱ्याच्या पिकअप आजही तिथे हौसेने सांभाळल्या जातात, कामालाही जुंपल्या जातात. त्यातल्या जड कामाच्या गाड्यांत बहुधा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सापडतो. तो १९६४ च्या मॉडेलांपासून आला आणि दणकटपणाबद्दल नावाजला गेला. तो उतरवून त्याजागी ४एल८०ई हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा गिअरबॉक्स बसवणं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानवाल्यांनी यात का पडावं, ते पुढे कळेलच.

आधी गरज काय ते पाहू. जुन्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर सरळ एकास एक. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.१० आणि चाकं ३० इंची धरली, तर ताशी ६५ मैलांना, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला जवळजवळ ३००० फेरे घेतं. दिवसभर हायवेवर हे चाललं की पेट्रोल आणि कान दोन्ही जातात. ४एल८०ई च्या पहिल्या तीन गिअरांची गुणोत्तरं जुन्यासारखीच आहेत, २.४८, १.४८ आणि १. कारण तो त्याच घराण्यातला आहे. चौथा गिअर मात्र ०.७५ चा. त्याच वेगाला फेरे सुमारे २२४० वर येतात. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक होणारा क्लच आहे, त्यामुळे तेलातल्या घसरणीत जाणारी शक्ती वाचते आणि तेलही कमी तापतं. नावातच सगळं सांगितलंय: चार गिअर, लांबीच्या दिशेने बसणारा, ८० हा ताकदीचा दर्जा आणि शेवटचा ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा. १९९१ पासून तो गाड्यांत आला.

आता लोक सहज म्हणतात, जुना बॉक्स बिनडोक होता, नवा विचार करतो. हे आपल्याला मान्य नाही. जुनाही ठरवतच होता. कसं, ते बघा. त्याच्या आउटपुट शाफ्टमुळे फिरणारा एक गव्हर्नर असतो. गाडीचा वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा एक दाब वाढतो. दुसरीकडे व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी असते, तिला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून नळी येते. पाय जोरात दाबला की मॅनिफोल्डमधली पोकळी कमी होते आणि ही डबी आपला दाब वाढवते. मधे आहे शिफ्ट व्हॉल्व्ह. एका अंगाने वेगाचा दाब ढकलतो, ‘बदल गिअर’. दुसऱ्या अंगाने स्प्रिंग आणि भाराचा दाब म्हणतात, ‘थांब जरा’. ज्याचं पारडं जड, त्याचं चालतं. गव्हर्नर जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरही होता, आणि मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर एक गणिती निबंधच लिहिला होता. म्हणजे ही परंपरा तशी लहान नाही.

मग नव्यात फरक कोणता? तर नियम स्प्रिंगमधून निघाला आणि तक्त्यात जाऊन बसला. ४एल८०ई मध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड आहेत, ए आणि बी. ए चालू, बी बंद: पहिला गिअर. दोन्ही बंद: दुसरा. ए बंद, बी चालू: तिसरा. दोन्ही चालू: चौथा. दोन दिव्यांच्या चार अवस्था, बस्स. तिसरा एक सोलेनॉइड तेलाचा मुख्य दाब ठरवतो, आणखी एक कन्व्हर्टरचा क्लच सांभाळतो. तेल तेच, क्लचच्या चकत्याही तशाच. गिअर धरून ठेवण्याचं अंगमेहनतीचं काम अजून तेलाच्या दाबानेच होतं.

पण हा तक्ता वाचणार कोण? कारखान्यातून आलेल्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर हे काम करायचा. आपल्या जुन्या पिकअपमध्ये कार्ब्युरेटर आहे, कॉम्प्युटर नाहीच. म्हणून वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो. गिअरबॉक्सच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा वेग त्याला बॉक्सवरच्या दोन सेन्सरांकडून कळतो. इंजिनावर भार किती, हे मात्र बाहेरून सांगावं लागतं. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल शाफ्टला एक पोझिशन सेन्सर जोडतात. पाय जितका दाबला तितका व्होल्टेज वाढतो.

आणि इथे, मंडळी, आम्हाला नैयायिक आठवतात.

धुरावरून अग्नीचं अनुमान सगळ्यांना पाठ असतं. उलटं अनुमान, म्हणजे अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे सदोष का, तेही न्यायशास्त्राने सांगून ठेवलंय. मधे एक ‘उपाधी’ आहे: इंधन ओलं असेल तरच धूर. आता थ्रॉटलकडे बघा. ‘थ्रॉटल चाळीस टक्के उघडा, म्हणून भार मध्यम’ हे असंच उपाधीयुक्त अनुमान आहे. इंजिन सावकाश फिरत असताना, तोंड मोठं असलेल्या कार्ब्युरेटरला चाळीस टक्के उघडणं म्हणजे जवळजवळ पूर्ण भार. कारण तेवढ्या फटीतून लागेल तेवढी हवा आत येतेच. इंजिन पळत असताना तीच चाळीस टक्के कमी पडते, भार खरोखर मध्यमच राहतो. जुनी व्हॅक्यूमची डबी मॅनिफोल्डमधला दाब थेट अनुभवायची, तिला हा घोटाळा होत नसे. (तेही प्रत्यक्ष नव्हे, लिंगच आहे, असं कोणी न्यायाचा विद्यार्थी म्हणेल. बरोबर आहे त्याचं. पण हे लिंग साध्याच्या बरंच जवळचं.)

हा शब्दच्छल नाही. कंट्रोलरला भार कमी वाटला की तो तेलाचा दाब कमी ठेवतो. दाब कमी म्हणजे क्लचच्या चकत्या घट्ट धरत नाहीत, सूक्ष्म घसरतात, आणि चालवणाऱ्याला तर उलट गिअर किती मऊ पडतोय म्हणून बरंच वाटतं! मागे ट्रेलर असेल, चढ असेल, तर हजारो डॉलरचा बॉक्स असा हसत हसत जळतो. म्हणून दोन गोष्टींवर आमचा आग्रह आहे. एक, थ्रॉटल बंद आणि पूर्ण उघडा, या दोन टोकांचे व्होल्टेज कंट्रोलरला नीट शिकवावेत, आणि तेही इंजिन बंद ठेवून, पाय पेडलवर असताना. बॉनेटखाली हाताने लिंकेज ओढून नव्हे, कारण पेडल तितकं उघडेलच असं नाही. दोन, कंट्रोलर मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर घेत असेल तर तो जरूर जोडावा. जुन्या डबीचं शहाणपण तेवढ्याने परत येतं.

रचनाकारांनी मात्र अज्ञानाची सोय फार विचारपूर्वक केली आहे. वीजच गेली तर? दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. दाबाच्या सोलेनॉइडला प्रवाह नाही, म्हणजे दाब कमाल. पार्क, रिव्हर्स आणि न्यूट्रल तर लिव्हरने हलणाऱ्या व्हॉल्व्हवरच आहेत, त्यांना विजेची गरज नाही. गिअर धाडकन पडतील, पण गाडी घरी येईल. काहीच कळत नसेल तेव्हा घट्ट धरा, असा हा हिशेब.

लोखंडी कामाचं थोडक्यात. छोट्या शेपटीच्या ४०० पेक्षा हा बॉक्स सुमारे दोन इंच लांब आहे आणि बराच जडही. त्यामुळे क्रॉसमेंबर मागे सरकवणं आणि प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करणं आलंच. फ्लेक्सप्लेट नव्या कन्व्हर्टरच्या बोल्टांना जुळणारी हवी. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला असता फ्लेक्सप्लेटपासून ३ ते ५ मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. अंतर उरलंच नाही, तर बोल्ट आवळून बसवू नका, पंप फुटेल. १९९७ पासूनच्या बॉक्समध्ये कूलरहून परतणारी नळी मागच्या बाजूला जाते, आधीच्यांत तसं नाही. आणि स्पीडोमीटरची जुनी केबल लावायला सहसा जागाच नसते, तेव्हा काटा कसा हलवायचा हे आधीच ठरवा.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: एवढ्या तारा जोडण्यापेक्षा १९८२ चा ७००आर४ का नको? त्यालाही चार गिअर आहेत, आणि गिअर बदलायला कॉम्प्युटर लागत नाही. हलक्या पिकअपला चालेल, पहिला गिअर ३.०६ चा असल्याने उठावही छान मिळतो. पण जड ओझ्याला तो ४०० च्या जातीचा नाही. आणि त्यात थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते, दाब तिच्यावर अवलंबून. ती जराशी ढिली राहिली की तेलाचा दाब पडतो आणि थोड्याच प्रवासात क्लच जळतात. म्हणजे तारा टळल्या तरी बातमी बरोबर पोचवण्याचं काम टळत नाही. फक्त मल्टिमीटरऐवजी पक्कड आणि प्रेशर गेज हातात घ्यावं लागतं.