भिंतीआडचं पाणी

नव्या घराचे प्लंबिंग वीटकामानंतर आणि गिलाव्याआधी होते. कटरने भिंतीत झिरी पाडून गार पाण्यासाठी यूपीव्हीसी, तर गिझरच्या गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप बसवतात. झिरी बुजवण्याआधी सगळी तोंडे प्लगने बंद करून हातपंपाने पाण्याचा दाब देतात. दाबमापकाचा काटा खाली आला, तर कुठेतरी सांधा गळतो आहे.

सांडपाणी मात्र उतारानेच वाहते. संडासाच्या ११० मिलिमीटर पाइपला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर उतार देतात. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये साचलेले पाणी गटाराची दुर्गंधी अडवते.

गच्चीवरच्या टाकीचा दाब उंचीवर ठरतो: १० मीटरला सुमारे १ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर. म्हणूनच वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक पडते.

गिलाव्याआधी पाइपांचे मापांसह फोटो काढून ठेवले, तर पुढे ड्रिल मारताना पाइप फुटत नाही.