हेल्मेट घातलं, पण कानाचं काय?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले ते जामखेड असे चौदा तालुके आणि मधली अंतरं लांब. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर सुमारे ११५, शिर्डी ऐंशीच्या पुढे. सुप्याच्या एमआयडीसीतले कामगार, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, फायनान्सचे वसुलीवाले, कॅन बांधून डेअरीला जाणारे दूधवाले या सगळ्यांचा दिवस दुचाकीवर जातो. कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे लांबचा प्रवासही ट्रकांच्या गर्दीतल्या जुन्या रस्त्यांवरूनच होतो.

अशा प्रवासानंतर गाडी बंद केली तरी कानात घुंई चालूच राहते, कानाला दडे बसल्यासारखं होतं, घरातलं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. दोष इंजिनाला किंवा ट्रकच्या हॉर्नला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं, आणि ते कळल्याशिवाय कानासाठी काय घ्यायचं हे ठरवता येत नाही.

आवाज येतो कुठून?

नगरमध्ये संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. रस्त्यावर येणाऱ्या वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या संस्थांना दिला आहे, त्यांत तिचा समावेश आहे. त्या तपासणीत वाहनाचा आवाजही मोजतात. ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० अशी मर्यादा आहे. पण हे मोजताना मायक्रोफोन वाहनाच्या मार्गापासून साडेसात मीटर अंतरावर ठेवलेला असतो. म्हणजे कायदा रस्त्याकडेच्या माणसाचा कान राखतो. गाडीवर बसलेल्याच्या कानाशी काय चाललंय, याचं मोजमाप त्यात नसतं.

त्या कानाशी असतो वारा. ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर मात करतो. पुढे वेग दुप्पट झाला की तो सुमारे १५ डेसिबलनं किंवा त्याहून जास्त चढतो. १९७२ साली आलेली लूना नगरमध्ये बनायची. पन्नास सीसीच्या त्या गाडीवर बसणाऱ्याला वाऱ्याच्या आवाजाची काळजी करावी असा तिचा वेगच नव्हता. आज दीडशे सीसीची साधी गाडीही नगर-पुणे रस्त्यावर तासन्‌तास ऐंशीनं धावते. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिन नाही, म्हणून ती उभी असताना शांत वाटते, पण सत्तरच्या वेगाला तिच्यावरच्या माणसालाही तोच वारा लागतो.

किती आवाज, किती वेळ?

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालूनही ताशी १०० किलोमीटरच्या आसपास कानाशी ९५ ते १०० डेसिबल आवाज भरतो, असं मोजमापांत आढळलं आहे. हेल्मेट डोकं वाचवण्यासाठी बनतं. वाऱ्याची खालच्या सुरातली घरघर त्याच्या आतल्या थर्माकोलमधून बरीचशी आत येते.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेनं कामाच्या जागेसाठी घालून दिलेली मर्यादा इथेही उपयोगी पडते:

- ८५ डेसिबल: दिवसाला ८ तास
- ८८ डेसिबल: ४ तास
- ९१ डेसिबल: २ तास
- ९४ डेसिबल: १ तास
- ९७ डेसिबल: अर्धा तास
- १०० डेसिबल: १५ मिनिटं

दर तीन डेसिबलला मुभा निम्म्यावर येते. गावातल्या गावात तीस-चाळीसनं फिरणाऱ्याला यातून फारशी भीती नाही. नगरहून एका दमात पुणे गाठणाऱ्याचा दिवसाचा वाटा मात्र जाताना वाटेतच संपतो आणि परतीचा अख्खा प्रवास उरलेला असतो.

कानात काय बिघडतं?

आतल्या कानातल्या शंखाकृती पोकळीत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात, रोजचाच मारा असेल तर मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. प्रवासानंतरची घुंई हा त्या थकव्याचा इशारा असतो. सकाळपर्यंत ती गेली म्हणजे सगळं ठीक झालं, असं गृहीत धरू नये.

नुकसानीची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या वरच्या सुरांत होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे व्यंजनध्वनी ओळखायला हाच पट्टा लागतो. म्हणून असा माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” लग्नाच्या मांडवात किंवा एसटी स्टँडवर समोरच्याचं बोलणं निसटायला लागतं. एका खोलीत, शांततेत बोलताना मात्र काहीच जाणवत नाही, त्यामुळे दुखणं वर्षानुवर्षं लपून राहतं.

आधी हेल्मेट, मग प्लग

कानासाठी पैसे खर्च करण्याआधी वारा कुठून शिरतो ते पाहावं. ब्रिटनमधल्या बाथ शहरातल्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून वाऱ्याच्या बोगद्यात मोजमाप केलं. हनुवटीखालची मोकळी जागा हा आवाजाचा मोठा उगम असल्याचं त्यांना दिसलं. त्यावर उपाय स्वस्त आहेत.

*माप.* हेल्मेट गालांना घट्ट बसावं, मान हलवली की डोक्याबरोबर फिरावं. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहूनच घ्यावं. कान उघडे ठेवणारं अर्धं हेल्मेट आवाजाच्या बाबतीतही सर्वांत वाईट. पुढे छज्जा असलेलं ऑफरोड हेल्मेट दिसायला रुबाबदार असतं, पण त्या छज्ज्यावर वारा आपटून आवाज वाढतो.

*हनुवटीचा पडदा.* हेल्मेटच्या खालच्या कडेला अडकवायचा कापडी पडदा बऱ्याच कंपन्या देतात. तो नसेल तर गळ्याभोवती मऊ रुमाल किंवा बफ असा घ्यावा की हनुवटीखालची फट भरेल. टोकं आत खोचलेली हवीत. फडफडणारं टोक स्वतःच आवाज करतं, शिवाय चाकाकडे गेलं तर जिवावर बेततं.

*काच.* हेल्मेटची काच पूर्ण बंद होत नसेल, तिची रबरी पट्टी सुटली असेल, तर शिट्टी वाजते. पट्टी बदलावी.

*विंडशील्ड.* गाडीची पुढची काच आखूड असेल तर तिच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा थेट हेल्मेटवर येतो. मोकळ्या रस्त्यावर पाठ थोडी ताठ करून आणि मग थोडी वाकवून पाहावी. आवाज एकदम बदलला तर दोष काचेच्या उंचीत आहे.

*कानटोपी.* हिवाळ्यात हेल्मेटखाली जाड कानटोपी घालण्याची आपल्याकडे सवय आहे. तिनं थंडी अडते, आवाज विशेष अडत नाही, आणि हेल्मेट सैल बसतं. त्याऐवजी पातळ, कापडी बालाक्लाव्हा बरा.

फटाके फोडणारा सायलेन्सर बसवला असेल तर तो आधी उतरवावा. आवाजाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

कानात घालायचं काय?

*कापसाचा बोळा.* सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. जेमतेम काही डेसिबल कमी होतात, आणि धागे आत राहिले तर वेगळं दुखणं.

*फोमचे प्लग.* चुरगाळून आत घातले की फुगून बसतात. घरघर अडवण्यात हे सर्वांत सरस, आणि जोडी दहा-वीस रुपयांत मिळते. औषधाच्या दुकानात नसतील तर एमआयडीसीच्या कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत हमखास असतात. मळले की टाकून द्यायचे.

*सिलिकॉनचे चकत्यांचे प्लग.* एकावर एक तीन चकत्या असलेले. साबणानं धुऊन पुन्हा वापरता येतात. पटकन घालता-काढता येतात, पण त्यांचा ताठ दांडा हेल्मेटच्या अस्तराला लागून कान दुखू शकतो. आखूड दांड्याचे निवडावेत. कारखान्यात सोयीची असलेली जोडदोरी इथे कापून टाकावी.

*फिल्टरचे प्लग.* यांच्या मधोमध बारीक छिद्र आणि गाळणी असते. सगळे सूर जवळपास सारखेच खाली येतात, त्यामुळे बोलणं आणि हॉर्न स्पष्ट राहतात. फोमपेक्षा बरेच महाग, पण नीट वापरले तर वर्ष-दोन वर्षं टिकतात.

*कानाच्या मापाचे प्लग.* ऑडिओलॉजिस्ट कानात मऊ द्रव्य भरून साचा घेतो आणि त्यावरून प्लग बनतात. किंमत हजारांत. आठवड्यातले पाच-सहा दिवस गाडीवर असणाऱ्यालाच परवडण्यासारखे.

पाकिटावरचा आकडा

पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा असतो. पहिली अमेरिकी पद्धत, दुसरी युरोपी. एकाच प्लगचे हे दोन आकडे वेगळे येतात, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत धरावी. भारतीय मालावर आयएस ९१६७ हा कानाच्या संरक्षकांचा मानक क्रमांक शोधावा.

आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात घाईनं बसवलेला प्लग तेवढा उतारा देत नाही, म्हणून नायोशचा सल्ला असा की फोमच्या प्लगचा आकडा निम्मा धरावा. एनआरआर ३२ चा प्लग १६ डेसिबल कमी करतो असं समजलं, तर ९६ चा आवाज ८० वर येतो. कानाला तेवढं पुरे. बाकीच्या प्लगांचा आकडा तीस टक्केच धरायला ती संस्था सांगते. हा हिशेब कडक आहे, नीट बसवलेला प्लग त्याहून चांगलं काम करतो.

आकडा जितका मोठा तितका प्लग चांगला, असंही नाही. कानात पोचणारा आवाज सत्तरच्या खाली गेला तर माणूस आजूबाजूच्या रहदारीपासून तुटतो.

बसवायची रीत

1. हात स्वच्छ धुवा. ग्रीस किंवा दुधाचे हात फोमला लावू नका.
2. फोम दोन बोटांत फिरवून सुरकुती न पडू देता बारीक करा.
3. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते.
4. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा.
5. मग बफ आणि शेवटी हेल्मेट.

बोलून पाहा. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमला की प्लग बसला. गोंगाटात कानांवर दोन्ही हात झाकून पाहिल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर तो नीट बसलेला नाही. काढताना हळूहळू पिळत काढा, झटका देऊ नका.

हॉर्न ऐकू येईल का?

सर्वांच्या मनात येणारी शंका. वेगात असताना प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो. वाऱ्याचा पडदा विरळ झाल्यामुळे मागच्या ट्रकचा हॉर्न किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा ओळखणं सहसा अवघड होत नाही.

गावातल्या संथ रहदारीत मात्र चित्र उलटं असतं. वारा नसतो आणि जाड फोम बारीकसारीक आवाजही खातो. त्यामुळे शहरात शिरल्यावर प्लग काढावेत किंवा फिल्टरचे वापरावेत. दोन्ही आरसे जागेवर असणं प्लग वापरणाऱ्यासाठी तर सक्तीचंच. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून चाललेल्या ट्रॅक्टरचा चालक तुमचा हॉर्न ऐकेल याची खात्री नसते. तिथे कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी.

इअरफोन आणि इंटरकॉम

इअरफोन म्हणजे प्लग नव्हे. वाऱ्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवावा लागतो, म्हणजे आधीच्या ९५ डेसिबलवर आणखी भर. नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड विमानात छान चालतात, पण मायक्रोफोनवर वाऱ्याचा मारा झाला की गोंधळतात, आणि त्यांच्यावर संरक्षणाचा प्रमाणित आकडाही सहसा नसतो. रस्ता सांगणारा आवाज हवाच असेल तर हेल्मेटमध्ये इंटरकॉमचे स्पीकर आणि कानात फिल्टरचे प्लग ही जोडी चालते. वारा दबल्यामुळे स्पीकर कमी आवाजातही समजतो.

कोणी थांबावं?

कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारावं. मळ साचलेला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो. घाटात, समजा माळशेज उतरताना किंवा भंडारदऱ्याकडून घोटीला जाताना, प्लगमागच्या दाबातल्या फरकानं कान दाटले तर आवंढा गिळावा. तरी दुखलं तर गाडी बाजूला घेऊन प्लग सैल करावेत.

आपल्या रस्त्यानुसार निवड

- *गावात, चाळीसच्या आत:* नीट मापाचं, पूर्ण हेल्मेट. प्लगची गरज नाही.
- *रोज सुपा, राहुरी किंवा श्रीरामपूर, साठ-सत्तरनं:* हनुवटीचा पडदा आणि फिल्टरचे किंवा चकत्यांचे प्लग.
- *पुणे, नाशिक, संभाजीनगर, ऐंशीच्या पुढे:* फोमचे प्लग, डबीत एक जादा जोडी.
- *रोजच्या पोटापाण्यासाठी दिवसभर गाडीवर:* कानाच्या मापाचे प्लग आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी.

चाचणीसाठी जिल्हा रुग्णालयाचा किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग गाठावा. चाचणी दुखत नाही आणि लवकर आटोपते. ४००० हर्ट्‌झपाशी आलेख खाली घसरलेला दिसला, तर बोलणं निसटायला लागण्याआधीच सावध होता येतं. आणि हे सगळं एकदम जमणार नसेल, तर उद्या लांबच्या प्रवासाला निघताना वीस रुपयांची फोमची जोडी घेऊन नीट बसवावी. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.