भटक्या मांजरांची नसबंदी : पिंजरा, बांगडा आणि शेवटची भाटी

भटक्या मांजरांची नसबंदी म्हणजे मांजर पकडणे, त्याची शस्त्रक्रिया करून घेणे आणि जिथून उचलले तिथेच ते परत सोडणे. या तिन्हीत शस्त्रक्रियाच त्यातल्या त्यात सोपी. सरावलेल्या हाताला बोक्यासाठी काही मिनिटे पुरतात, भाटीला थोडा जास्त वेळ लागतो. स्वयंसेवकांचा खरा घाम निघतो तो पकडण्यात, आणि मांजरांना खाऊ घालणाऱ्या माणसांची समजूत काढण्यात.

या कामाची गरज मांजरीच्या शरीररचनेतून येते. भाटी चौथ्या ते सहाव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि एका वेताला साधारण तीन ते पाच पिल्ले. गाई-म्हशींत बीज ठरलेल्या वेळी सुटते. मांजरीत ते बोक्याशी संग झाल्यावर सुटते, त्यामुळे संग सहसा वाया जात नाही. एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. दिवस मोठा होऊ लागला की माज सुरू होतो. थंड देशांत हिवाळ्यात त्यात खंड पडतो. आपल्याकडे दिवस फारसा लहान होतच नाही, म्हणून पाळणा जवळजवळ वर्षभर हलता राहतो. पिल्ले अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नावानिशी कुत्र्यांचे होते. २०२३ च्या नियमांच्या नावातून कुत्रे गेले, पण भर अजून त्यांच्यावरच आहे. मुंबई महापालिकेने २०१९ च्या सुमारास प्राणिमित्र संस्थांना हाताशी धरून मांजरांचा कार्यक्रम हाती घेतला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचे रुग्णालय तर १८८३ पासूनचे. लहान गावांना असला आधार क्वचितच मिळतो, आणि तिथे सगळा भार दोन-चार हौशी माणसांवर पडतो.

हे काम किती अवघड आणि किती शक्य, हे समजून घ्यायला पन्हाळ्यासारखे ठिकाण दुसरे नाही. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून उंच असलेला हा किल्ला ओसाड नाही. आत नगरपरिषदेचे नांदते गाव आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३,००० च्या थोडी वर होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळा आहे. इथल्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी धान्याची तीन कोठारे आहेत. कोठाराच्या वर्णनात मांजर कधी येत नाही. पण जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा हिशेब किल्ल्यांपेक्षा फार जुना. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर रानमांजर माणसाजवळ आले ते याच वाटेने. आता गडावर धान्याचा साठा नाही, पण पर्यटकांच्या ताटातली उरलेली झुणका-भाकर आणि रश्श्यातली हाडे आहेत. तटबंदी मांजराला अडवत नाही हे खरे. तरी वस्तीची हद्द मोजणाऱ्याला स्पष्ट दिसते, आणि या कामात मोजणी म्हणजे निम्मी लढाई.

उरलेली निम्मी पिंजऱ्याची. पिंजरा तारेच्या जाळीचा, लांबट, आत पायपट्टी. तिच्यावर पाय पडला की दार खाली येते. पण पिंजरा नेला आणि लावला असे होत नाही. आधी काही दिवस एकाच जागी, एकाच वेळी खाणे द्यायचे. मग खाणे पिंजऱ्यात सरकवायचे, पण दार तारेने उघडे बांधून ठेवायचे. मांजर बिनधास्त आतबाहेर करू लागले की पकडण्याचा दिवस ठरवायचा आणि आदल्या दिवशी सगळ्यांनीच खाणे बंद ठेवायचे. ‘सगळ्यांनीच’ हा यातला सर्वांत अवघड शब्द. एका आजींनी दया येऊन रात्री वाटीभर दूधभात घातला की दुसऱ्या दिवशीचा पिंजरा रिकामा राहतो.

आमिषाला बांगडा उत्तम, सुका बोंबील त्याहून सोयीचा. तो भाजून घेतला की वास लांबवर जातो, आणि कोकणातून घाट चढून येणारी सुकी मासळी कोल्हापूरकडच्या बाजारांत सहज मिळते. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र पसरतात, कारण उघडी जाळी मांजराच्या पंज्याला रुचत नाही. आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवतात. हुशार भाटी तिथेही चकवते: पट्टीअलीकडे मागचे पाय रोवते, अंग लांबवते, तुकडा ओढते आणि उलट्या पावली बाहेर येते. एकदा दार पाठीवर आपटून निसटलेली तर पिंजऱ्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाही. तिच्यासाठी काठीच्या टेकूवर उभा केलेला पडता पिंजरा वापरतात. लहान मुले टोपलीखाली चिमण्या धरायची त्यातलाच हा प्रकार. दोरी धरून लांब बसायचे, आणि बाकीची मांजरे येऊन जेवून गेली तरी ती येईपर्यंत दोरी ओढायची नाही. ही शेवटची भाटीच सगळे ठरवते. दहा बोके झाले आणि ती राहिली, तर बाहेरचा अकरावा बोका येतो आणि वर्षाच्या आत पिल्ले पुन्हा दिसतात.

दार पडल्यावर मांजर उसळते, जाळीवर नाक घासते. अशा वेळी पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. अंधार झाला की बहुतेक मांजरे गप्प होतात. मग चादरीचे टोक उचलून पोट पाहायचे. सड फुगलेले आणि भोवतीचे केस चोखून गेलेले दिसले तर पिल्ले कुठेतरी वाट पाहत आहेत. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे घरोघरी म्हणतात, ते उगाच नव्हे. जागेला धोका वाटला की ती पिल्ले हलवते, आणि कालची माळ्यावरची पिल्ले आज कोणाच्या सरपणात असतील सांगता येत नाही. पिल्ले अगदी लहान असतील तर भाटीला सोडून पुढच्या खेपेला धरणेच शहाणपणाचे.

संध्याकाळच्या उजेडात, लांबून, पकडायचे मांजर भाटी की बोका हे ओळखायला रंगाची मदत होते. काळा, तांबूस आणि पांढरा असे तिन्ही रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. निव्वळ तांबूस असेल तर बहुधा बोका. तांबूस रंगाचे कारण एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून तो तांबूस तरी किंवा काळा तरी. भाटीकडे दोन, आणि अंगाच्या प्रत्येक भागात त्यातला एकच जागा राहतो, म्हणून तिच्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. तांबूस रंग एक्सवर असतो हे शंभर वर्षे ठाऊक होते, पण नेमका बदल कोणता हे जपानचे क्युशू आणि अमेरिकेचे स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांच्या गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले: एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळचा डीएनएच्या सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा तांबूस मांजरांत गायब असतो. दोरी धरून बसलेल्या माणसाला त्या पाच हजार अक्षरांचा असा रोकडा उपयोग होतो.

गडाच्या पायथ्याशी झाडी आणि ऊस आहे, तेव्हा पिंजऱ्यात भलताच पाहुणाही येऊ शकतो. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. वजन जेमतेम दीड किलो, अंगावर तांबूस ठिपके. जुन्नरच्या उसात कापणीच्या वेळी तिची पिल्ले सापडतात आणि ती आईपाशी परत पोहोचवण्याचे काम तिथे होते. अशा प्राण्याला दवाखान्यात न्यायचे नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे.

शस्त्रक्रियेपूर्वी मोठे मांजर काही तास उपाशी लागते, पिल्लाला मात्र फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. भाटीची शस्त्रक्रिया कुशीतून केली तर टाके लांबूनही दिसतात, आणि रानटी मांजरासाठी ही मोठी सोय. भूल असतानाच डाव्या कानाचा शेंडा सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतात. याचे झाले, पुन्हा धरू नका, अशी ती खूण. जपानात कानाला पाकळीसारखी खाच देतात, बोक्याच्या उजव्या आणि भाटीच्या डाव्या. भुलेत शरीर झपाट्याने गार पडते, म्हणून धुक्या-पावसाच्या पन्हाळ्यावर जून ते सप्टेंबर हे काम टाळलेले बरे. दिवाळीत फटाक्यांनी मांजरे पांगतात. दिवाळी उलटल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात चांगला: पाऊस नाही, आणि मोठ्या दिवसांचा माजही अजून दूर. शस्त्रक्रियेनंतर दुखत असेल म्हणून कोणी पॅरासिटामॉलची गोळी देऊ पाहतो. ती मांजराला विष आहे.

मनस्तापाची यादी लांब आहे. कोल्हापूर हा गोकुळ दूध संघाचा जिल्हा. इथले पशुवैद्यक म्हशीच्या विण्यात तरबेज, पण दोन किलोच्या रानटी भाटीला भूल देण्याचा सराव प्रत्येकाला असतोच असे नाही. त्यामुळे पिंजरे घेऊन घाट उतरावा लागतो, खर्च खिशातून होतो. ‘एक वेत तरी होऊ द्या’ हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येते. त्याला वैद्यकीय आधार काही नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या भाटीला स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो. मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते ही जुनी धास्तीही आहे, आणि तीच माणसे नको असलेली पिल्ले पोत्यात भरून बाजारात सोडतात, हे मात्र चीड आणणारे आहे. सर्वांत वाईट म्हणजे साथ. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पिंजऱ्यांतून आणि कपड्यांवरून पसरतो आणि पिल्लांची अख्खी वेते घेऊन जातो. पिंजरे ब्लीचने धुणे हे काम कोणाला दिसत नाही, पण तेच चुकवून चालत नाही. स्वयंसेवकांनी स्वतः रेबीजची लस आधीच घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

समाधान मिळते ते उशिरा आणि बेताने. बोक्यात बीज काही आठवडे टिकते, म्हणून लगेच फरक दिसत नाही. पुढे भांडणे कमी होतात, रात्रीचे केकाटणे थांबते, दारावरचा उग्र मुताचा वास जातो, आणि वेतामागून वेत करून खंगलेल्या भाटीच्या अंगावर मांस धरते. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून हा कार्यक्रम चालला. तिथे १९९५ नंतर एकही पिल्लू दिसले नाही, आणि १९९६ मधली ६८ मांजरे २००२ पर्यंत २३ वर आली. यात जवळपास निम्म्या मांजरांना घरे मिळाली होती, हे विसरून केवळ कात्रीचे गुण गाणे प्रामाणिकपणाचे नाही. त्याच आवारात बाहेरून नवी मांजरे येतही राहिली.

पन्हाळ्यावर तर गाडीरस्ता थेट तटाच्या आत येतो. टपरीमागे खोक्यात पिल्लू सोडून जायला कोणाची आडकाठी नाही. असे नवे मांजर माणसाळलेले असते आणि पहिल्या आठवड्यात सहज हाती लागते. महिना गेला की तेही बिचकू लागते. म्हणून वस्तीतल्या सगळ्या भाट्या झाल्यावरही दर काही महिन्यांनी खाण्याच्या वेळी कान मोजावे लागतात, आणि शेंडा शाबूत असलेला कान दिसला की बोंबील भाजून पिंजरा पुन्हा लावावा लागतो.